शकुंतलेचे रूळ : सात जणींच्या एका गोधडीच्या वर्षभराच्या नोंदी

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. मी शिवणकाम करते: ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. गावातल्या सात जणींनी मिळून आधुनिक पद्धतीची एक गोधडी करायचं ठरवलं. त्या कामाच्या या नोंदी आहेत. कुणाला असंच काही करायचं असेल, तर आमचे गेलेले दिवस आणि पैसे तरी वाचतील.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सोनं वाटून झाल्यावर समाजमंदिरात बसलो. मुलीच्या मोबाइलवर परदेशातल्या नव्या गोधड्या पाहिल्या होत्या, त्या सगळ्यांना दाखवल्या. फुलाफुलांचं कापड नाही. एकरंगी तुकडे, तेही एका बाजूला, आणि बाकी सगळं कापड कोरं. अमेरिकेत अशा शिवणाऱ्या बायकांनी २००९ साली स्वतःचं मंडळ काढलं, द मॉडर्न क्विल्ट गिल्ड. अलाबामातल्या गीज बेंड गावच्या गोधड्याही पाहिल्या. नदीच्या वळणावरचं गाव, कापसाचा मुलूख, कापूस वेचणाऱ्या काळ्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. त्या पाहून मोठी माय (माझी चुलत सासू, गावात सगळ्यात जास्त वाकया, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, तिनंच शिवल्या) म्हणाली, "हे तं वेचणीवालीचं लुगडं हाये वो." फोन तिनं बराच वेळ हातातून सोडला नाही.

नमुना ठरला शकुंतलेचा. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी दारव्ह्यावरून जायची, कापसासाठीच टाकलेली. आता बंद आहे. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. आम्ही एक फुटाला एक इंच धरला, म्हणजे गोधडीत अडीच इंच. सात जणींचे सात चौकोन, बारा-बारा इंचांचे, एकाखाली एक. सातही चौकोनांतून दोन काळे रूळ सरळ खाली जाणार. उजवीकडे अठ्ठेचाळीस इंच रुंद कोरी पांढरी जागा. माप ६० बाय ८४.

प्रत्येकीने ३०० रुपये काढले. २१०० जमले.

२० ऑक्टोबर

दारव्ह्याला गेले. एकरंगी कापडासाठी कुठे लांब जायची गरज नाही. मॅचिंग सेंटरमध्ये रंगांची भिंतच्या भिंत उभी असते. पण टू बाय टू रुबिया घेऊ नका. ब्लाउजला ठीक आहे, गोधडीला फार पातळ. मागचा दाब, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेलं कापड, वरून दिसतो. परकराचं सुती पॉपलीन घ्यावं. सात रंग, अर्धा-अर्धा मीटर, २८० रुपये.

एक चूक इथेच झाली. हिरवा तुकडा सुती म्हणून घेतला, तो निघाला टेरिकॉट. घरी गरम इस्त्री ठेवताच आखडला. आता दोन धागे ओढून दुकानाच्या बाहेरच काडीने जाळून पाहते. सुती धाग्याची राख होते, टेरिकॉटची गोळी होते.

२४ नोव्हेंबर

महिनाभर काम नाही. सीतादही (वेचणी सुरू करतानाची शेतातली पूजा) झाली आणि सगळ्या वेचणीला लागल्या. किलोला दहा रुपये वेचाई मिळते, ती सोडून कुणी सुई हातात घेणार नाही, घेऊही नये. शिवाय दिवसभर बोंडांची टोकं लागून बोटांच्या कडा फाटतात. मी एका संध्याकाळी बसून पाहिलं. दोरा प्रत्येक वेळी कातडीच्या सालीत अडकत होता. ऑक्टोबर ते डिसेंबर हिशेबात धरायचेच नाहीत, हे आधी कळायला हवं होतं. आम्ही संक्रांतीपर्यंत गोधडी पुरी करायचं ठरवलं होतं.

२२ डिसेंबर

मोठ्या गोधडीआधी नमुना म्हणून लहान बाळासाठी दुपटं केलं. ३६ बाय ४५. आत आमच्याच शेतातली रुई. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, त्या हिशेबाने दीड किलो कापूस घेतला आणि तिघींनी चार संध्याकाळी बसून हाताने सरकी काढली. पिंजायला १५० रुपये. वरचं आणि खालचं कापड मांजरपाट, ४ मीटर, २८० रुपये. वर चार रंगीत पट्ट्या आणि बाकी कोरं. कोऱ्या जागेत एकही टाका घातला नाही, कारण चित्रात ती तशीच मोकळी दिसत होती.

दिसायला फार सुंदर झालं. मोठ्या मायने हात फिरवला आणि म्हणाली, "इथं तं टाकाच नाई. रुई जागा सोडते वो, तिले दर चार बोटावर टाका पाह्यजे."

मी ऐकलं नाही. काल धुतलं. रुईचे गोळे झाले आणि कोऱ्या जागेतली सगळी रुई खालच्या कडेला येऊन बसली. मांजरपाट धुऊन घेतलं नव्हतं, तेही आटलं. ४५ इंचांचं साडेबेचाळीस झालं. ४३० रुपये आणि तिघींच्या चार संध्याकाळी गेल्या.

संध्याकाळी मोबाइलवरची चित्रं पुन्हा मोठी करून पाहिली. प्रत्येक कोऱ्या जागेत बारीक टाक्यांच्या रांगाच रांगा होत्या, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने. लांबून दिसत नाहीत एवढंच. जिथे रंग नाही तिथेच सगळ्यात जास्त हात चाललेला असतो. आमच्या गोधडीत अशी जागा सगळ्यात मोठी होती आणि ती कोण भरणार, हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

५ जानेवारी २०२५

आत काय भरायचं यावर बसलो. रुई नको, हे ठरलं. आपल्या वाकयेत जुन्या लुगड्यांचे थर असतात, त्यामुळे टाके लांब असले तरी आत काही सरकत नाही. मोठ्या मायने तीन थर सांगितले. तीन थर घालून हातभर तुकडा शिवून पाहिला तर सुई पार जाईना, दोघींच्या सुया वाकल्या. दोन थरांवर आलो. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती नऊवारी दोन घरांतून मिळाली. खर्च शून्य.

१९ जानेवारी

आजचा दिवस पाव इंचावर गेला आणि तो तसा जायलाच हवा होता. आम्हा शिंप्यांना अर्धा-पाऊण इंच दाब सोडायची सवय. गोधडीच्या तुकड्यांना पाव इंच, म्हणजे दोन सूत. पायमशीनच्या फुटाची, म्हणजे सुईखाली कापड दाबणाऱ्या पट्टीची, कड धरून शिवलं तर माझ्या मशीनवर तीन सूत जातात. एका सुताने काय होतं, असं वाटतं. पण आमच्या चौकोनात पाच पट्ट्या आहेत, म्हणजे चार जोड. प्रत्येक जोडात दोन्ही तुकड्यांचं एक-एक सूत जास्त गेलं की आठ सूत, पुरता एक इंच कमी.

उपाय सोपा आहे. सुईपासून मोजून दोन सुतांवर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे चार-पाच थर लावायचे. कापड त्या कडेला टेकवून पुढे सरकवायचं. मग तपासणी: अडीच इंचांच्या तीन पट्ट्या जोडा. मधली बरोबर दोन इंच दिसली आणि तिन्ही मिळून साडेसहा भरली, तरच पुढे जा.

कापायचे आकडे लिहून सगळ्यांना दिले. डावी पट्टी साडेतीन, रूळ एक, मधली तीन, रूळ एक, उजवी सहा. जोडून साडेबारा, सगळी गोधडी जोडल्यावर बारा.

९ फेब्रुवारी

चौकोन आले. सातपैकी दोनच साडेबारा भरले. बाकीचे साडेअकरा, पावणेबारा, बारा, एक तर तेरा. प्रत्येकीची टेप वेगळी. एकीची तर इतकी ओढली गेलेली की पहिला इंच सव्वा इंचाचा झालाय. चिकटपट्टी फक्त माझ्या मशीनवर होती, बाकीच्यांनी फुटाची कड धरली. जमिनीवर एकाखाली एक मांडले तर रूळ प्रत्येक चौकोनापाशी तुटत होते.

कुणाची चूक म्हणायची? आकडे मी दिले, पण एकच लाकडी पट्टी सगळ्यांच्या घरी फिरवायला हवी होती. ती वीस रुपयांना मिळते.

१६ फेब्रुवारी

ही नोंद लिहावी की नाही असं वाटत होतं. लिहिते, कारण या वर्षातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

धाकट्या जाऊबाईंचा चौकोन सगळ्यात वाकडा होता. रूळ वरून खाली येताना डावीकडे झुकत होते. मी चार दिवसांपूर्वी रात्री बसून तो उसवला, पट्ट्या सरळ कापल्या, पुन्हा शिवला आणि आज सगळ्यांसमोर मांडला. मला वाटलं, मी तिचं काम वाचवलं.

तिने चौकोन उचलून उलटा केला, मागची शिलाई पाहिली. "बाई, मले सांगतलं असतं तं मीच उसवला असता," एवढंच बोलली आणि निघून गेली.

९ मार्च

ती आली नाही. तिसरा रविवार. तिच्या जागेवर, वरून पाचव्या, आम्ही कोरं कापड ठेवून मांडणी करतोय. मांडणी पाहताना सगळ्यांची नजर तिथेच जाते.

परवा मी तिच्या घरी गेले. माझं चुकलं म्हटलं. तिने चहा केला. गोधडीचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

दोन गोष्टी झाल्या.

पहिली, रुळांचा तोडगा. चौकोन पुन्हा शिवायचे नाहीत असं ठरलं. जे अरुंद होते त्यांच्या दोन्ही बाजूंना कोऱ्या पांढऱ्या पट्ट्या जोडल्या, मग डावा रूळ सगळ्यांचा एका ओळीत धरून सगळे साडेबारावर कापले. पण दोन रुळांमधलं अंतरही कुठे सव्वादोन, कुठे अडीच, त्यामुळे उजवा रूळ तरी तुटणारच. तेव्हा प्रत्येक दोन चौकोनांमध्ये एक इंचाची पांढरी आडवी पट्टी घातली. रुळाखालच्या स्लीपरसारखी. मध्ये तेवढी फट पडली की एक-दोन सुतांचा फरक डोळ्याला टोचत नाही. करून पाहा, खरंच नाहीसा होतो. सहा पट्ट्यांमुळे लांबी ८४ वरून ९० झाली.

दुसरी, धाकटी आली. गुढी उतरवून झाल्यावर, हातात नवा चौकोन. पट्टी न लावता नुसत्या कात्रीने कापलेला, रूळ पहिल्यापेक्षाही जास्त झुकलेले. "आपल्या गावापाशी वळण हायेच न रुळाले," ती म्हणाली.

आहे. शाळेत जाताना आम्ही दोघींनी ते रोज पाहिलंय, ती या गावची आणि मी पलीकडच्या. मी सरळ केलेला चौकोन तिने मागितला नाही, मीही दाखवला नाही. तो माझ्या ट्रंकेत आहे.

तिच्याखालचे दोन्ही चौकोन डावीकडे सरकवले, उजव्या बाजूने पांढरी पट्टी जोडून घेतली. वळणानंतर रूळ पुन्हा सरळ जातात.

१३ एप्रिल

पांढऱ्या जागेसाठी वर्ध्याला, गोपुरीतून खादी आणली. ५ मीटर, ११०० रुपये. दोघींचं एसटीचं जाणं-येणं अर्ध्या तिकिटात २६० रुपये. या वेळी कापण्याआधी दोनदा धुतली. १९७ इंचांची १८९ झाली. आम्हाला साडेनव्वदचे दोन तुकडे हवे होते, म्हणजे १८१. आठ इंच उरली. लांबी सहा इंचांऐवजी बारा वाढली असती तर पुन्हा वर्धा. कापड नेहमी आटल्यावरच्या मापाने मोजा.

११ मे

गोल पात्याचा कटर आणि त्याखालची हिरवी मॅट मागवली होती, दोन्ही मिळून ८०० रुपये. कटर उत्तम. चार थर एका ओढीत सरळ कापतो. मॅट मात्र मी पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून उभी ठेवली. बाहेर पंचेचाळीस अंश, पत्र्याखाली किती असेल कोण जाणे. दुपारी पाहिलं तर कमान झालेली. वजन ठेवून, कोमट पाण्यात बुडवून पाहिलं, पुरती सरळ झाली नाही. आता कडेचा भाग सोडून मधल्यावरच कापते. मॅट आडवीच ठेवायची, पलंगाखाली, गार फरशीवर.

त्याच आठवड्यात लाल रंग. तिसऱ्या चौकोनातल्या लाल पॉपलीनवर ओला पांढरा रुमाल ठेवून इस्त्री फिरवली तर रुमाल गुलाबी. मीठ, तुरटी घालून पाहिलं. चौथ्या पाण्यालाही रंग सुटत होता. पांढऱ्या खादीशेजारी हे चालणार नाही. जिचा चौकोन होता तिला या वेळी आधी विचारलं. तिनेच उसवून लालच्या जागी विटकरी घातला. दीड तास गेला आणि कुणी रुसलं नाही.

२० जुलै

पेरण्या, मग निंदण. जूनमध्ये एकदाच भेटलो. त्या दिवशी खालचं पॉपलीनचं अस्तर (५ मीटर, ४५० रुपये), मधले लुगड्याचे दोन थर आणि वरचा भाग असं समाजमंदिराच्या फरशीवर अंथरून सेफ्टी पिना लावल्या आणि गुंडाळून ठेवलं.

आज उघडलं तर पावसाळी हवेने नऊ पिना गंजलेल्या, खादीवर नऊ तांबूस ठिपके. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवलं, सहा गेले. तीन राहिले. पिना सगळ्या काढून धावदोऱ्याचे लांब कच्चे टाके घातले. दोन तास जास्त लागतात, पण गंजत नाहीत.

आज प्रत्येकीने आणखी २०० रुपये दिले.

२२ ऑगस्ट, पोळा

बैल मिरवून घरी आले, पुरणपोळ्या झाल्या आणि दुपारी तीनला आम्ही टाके घालायला बसलो. कोऱ्या जागेत काय काढायचं यावर कितीतरी रविवार बोलणं झालं होतं. शेवटी जे समोर दिसतं तेच: कपाशीची तासं, म्हणजे शेतातल्या पेरणीच्या ओळी. वरून खाली नव्वद इंचांच्या सरळ ओळी, दीड-दीड इंचावर, एकूण एकतीस. मोठी माय म्हणाली, "दर आठ तासाले एक तुरीचं पाह्यजे न." म्हणून आठवी, सोळावी आणि चोविसावी ओळ पिवळ्या दोऱ्याने. बाकी पांढऱ्या.

पहिल्या दिवशी आम्ही उजव्या कडेपासून सुरू केलं, कारण तिथे बसायला जागा होती. चार ओळी झाल्यावर कापड मध्याकडे ढकललं जाऊन हातभर फुगा आला. चारही उसवल्या. मधल्या ओळीपासून सुरू करून दोन्ही कडांकडे जायचं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी (त्यांची गोधडी) कडेपासून आत शिवत येतात, पण त्या वरचे तुकडे शिवता शिवताच एकेक जोडतात, त्यामुळे फुगा येत नाही. आमचा वरचा भाग आधीच जोडलेला होता.

दोरा जाड सुती, मेणबत्तीच्या नव्हे, मधाच्या पोळ्याच्या मेणावरून ओढलेला. गुंता होत नाही. अंगुस्तान मधल्या बोटात. सुरुवातीला एका ओळीला पन्नास मिनिटं लागत होती, शेवटी पस्तीस. मोठ्या मायला वीस. तिचे टाके वरून आणि खालून सारखेच दिसतात.

२१ सप्टेंबर

एकतीस ओळी झाल्या. मोजलं तर सत्तर मीटरच्या वर टाके भरतात. कोणती ओळ कुणाची, हे आम्हाला जवळ गेल्यावर कळतं. धाकटीच्या ओळी सरळ आहेत, माझ्यापेक्षाही. माझी सतरावी ओळ मध्यावर थोडी डगमगते, तिथे घरून बोलावणं आलं होतं आणि मी घाई केली. उसवली नाही.

पाचव्या चौकोनाशेजारी ओळी घालताना प्रश्न आला: रूळ वळतात तिथे तासंही वळवायची का? धाकटी म्हणाली, नको, शेत आपल्या जागी राहतं. तसंच ठेवलं.

काळ्या पॉपलीनचा गोट मारला. गोटासाठी तिरकं कापड कापायची गरज नाही, कडा सरळ असतील तर उभी पट्टी चालते. कोपऱ्यांवर दोन तास गेले.

२ ऑक्टोबर २०२५, दसरा

काल धुतली. विहिरीवर, थंड पाण्यात, दोघींनी धरून. ६० बाय ९० ची साडेअठ्ठावन्न बाय पावणेअठ्ठ्याऐंशी झाली. रंग सुटला नाही, आतलं काही सरकलं नाही. आटल्यामुळे प्रत्येक दोन ओळींमध्ये कापड थोडं वर आलंय, नांगरलेल्या वावरासारखं. वाळत घातली तेव्हा संध्याकाळचं तिरपं ऊन होतं आणि पांढऱ्यावरचे पांढरे टाके पहिल्यांदाच सगळ्यांना लांबून दिसले.

हिशेब: खादी ११००, अस्तर ४५०, रंगीत कापड २८०, कटर-मॅट ८००, दोरे १४०, फसलेलं दुपटं ४३०, एसटी २६०. एकूण ३४६०. जमा ३५००. चाळीस रुपये उरले. त्यातून दोन लाकडी पट्ट्या घेतल्या, त्या आता घरोघरी फिरतील.

विकायची का, हा प्रश्न निघाला. दारव्ह्याच्या एकीने अडीच हजार सांगितले होते. एवढ्यात झालेला खर्चही निघत नाही, टाक्यांचा तर विचारच नको. विकायची नाही असं सातही जणींनी सांगितलं. प्रत्येकीकडे एक महिना राहील, चिठ्ठ्या टाकल्या. पहिली मोठ्या मायची निघाली. तिने ती घडी करून घेतली आणि गंजाचे तीन ठिपके बोटाने चाचपले. "याच्यावर तीन बोंडं काढून देतो," म्हणाली. पुढच्या रविवारी पांढरा दोरा घेऊन तिच्याकडे जायचंय.

उरलेली आठ इंच खादी धाकटीने नेली.